न जुळलेल्यांचा कप्पा

१

काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी मी आमच्या तालुक्यातील एका गावावर छोटा लेख लिहिला होता. विषय होता १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. त्या वर्षी जूनमध्ये ही साथ मुंबई बंदरात दिसू लागली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या लाटेने मुंबई इलाख्यातील खेडीच्या खेडी आडवी केली. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात. मला या मोठ्या आकड्यांत शिरायचे नव्हते. एकाच गावातील कोणत्या आळीत, कोणत्या वाडीत किती माणसे गेली, एवढेच पाहायचे होते.

हाताशी दोन साधने होती. पहिले कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची वही. नोंदी मोडीत. मृताचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव, जात, तारीख आणि मृत्यूचे कारण असे तिचे रकाने. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नुसते ‘ताप’. मात्र मृताचे घर कोणत्या वाडीतले, हे त्यात नाही. दुसरे साधन मी स्वतः तयार केलेले होते. खातेवही आणि घरपट्टीच्या जुन्या याद्या यांवरून केलेली घरांची यादी. तिच्यात कुटुंबप्रमुखाचे नाव, आडनाव आणि वाडी होती.

दोन्ही याद्या संगणकावर उतरवल्या. पुतण्याने मला एसक्यूएल ही भाषा थोडीफार शिकवली होती. तिच्यात मी संगणकाला विचारले : जिथे दोन्हीकडचे आडनाव सारखे आहे आणि मृताच्या वडिलांचे अथवा नवऱ्याचे नाव कुटुंबप्रमुखाच्या नावाशी जुळते, तिथे दोन्ही ओळी जोड आणि वाडीवार मोज. उत्तर क्षणात आले. गावाबाहेरच्या वस्तीचे नाव त्या उत्तरात नव्हते. मी लिहून टाकले की वस्ती गावापासून अलग असल्यामुळे साथ तिथवर पोहोचली नसावी.

स्मरणिका निघाल्यावर महिन्याभरात त्या वस्तीतील एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला.

“तुमचा लेख वाचला. मेहनत दिसते. एक विचारतो, रागावू नका. आमच्या वस्तीत कुणी गेलंच नाही, हे कुठं मिळालं तुम्हाला?”

“दप्तरात तसं दिसतं, गुरुजी.”

“दप्तर मी पाहिलेलं नाही. पण माझी आजी सांगायची, आठ-नऊ दिवसांत तिचा नवरा, धाकटा दीर आणि कडेवरची पोर अशी तिघं गेली. उचलायला माणसं मिळेनात. म्हातारी खोटं कशाला सांगेल?”

दुसऱ्या दिवशी मी वहीची छायाचित्रे पुन्हा उघडली. तिघांच्याही नोंदी होत्या. तारखांत फार अंतर नव्हते. कोतवालाने आपले काम चोख केले होते. फक्त आडनावाचा रकाना कोरा होता. त्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक नोंदीत तो कोराच होता.

माझ्या प्रश्नातील एका अटीने ही माणसे वगळली होती, आणि ती वगळली गेल्याचे मला कोणी सांगितले नव्हते. ही जोडणीची अट म्हणजे नेमके काय, ती कोठून आली, आणि न जुळलेल्यांना गुपचूप बाजूला टाकण्याची तिची रीत कशी पडली, हे शोधण्यात पुढचे वर्ष गेले. त्या शोधाची ही हकिकत.

२

दोन याद्या जोडणे हे संगणकाच्या कितीतरी आधीचे काम आहे. मी पंचवीस वर्षे एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. आपल्याकडे याला रुजवात घालणे असा जुना, नेमका शब्द आहे. दर महिन्याला रोजकीर्दीतल्या नोंदी बँकेच्या पुस्तकाशी ताडून पाहायच्या. जुळलेल्या नोंदीवर तांबड्या पेन्सिलीने खूण करायची. खरे काम त्यापुढे सुरू होई. ज्या नोंदीवर खूण नाही ती वेगळी उतरवून घ्यायची, कारण घोळ असला तर तो तिथेच असणार. ताळमेळ पत्रकावर जुळलेल्या नोंदी लिहीतच नाहीत, फक्त न जुळलेल्या लिहितात.

हेच काम यंत्राकडे गेले ते पंचकार्डांच्या काळात. अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि कोट्यवधी कामगारांच्या खात्यांत त्यांच्या पगाराच्या नोंदी चढवण्याची वेळ आली. त्यासाठी आयबीएम कंपनीने १९३७ मध्ये ०७७ क्रमांकाचे कोलेटर हे यंत्र आणले. त्यात दोन बाजूंनी कार्डांचे दोन गठ्ठे घालायचे. दोन्ही आधीच क्रमांकवार लावलेले. यंत्र दोन्हीकडचे एकेक कार्ड घेई आणि ठरवलेल्या रकान्यांतली भोके ताडून पाही. कोणते रकाने ताडायचे हे तारा खोचून ठरवावे लागे. त्या तारांची मांडणी म्हणजे तेव्हाची जोडणीची अट.

या यंत्राला कार्डे बाहेर पडण्यासाठी चार कप्पे होते. जुळलेली कार्डे एकीकडे जात. पहिल्या गठ्ठ्यातली जोडीदार न मिळालेली कार्डे दुसऱ्या कप्प्यात, आणि दुसऱ्या गठ्ठ्यातली तशी कार्डे आणखी एका कप्प्यात पाडता येत. पाळी संपल्यावर ते कप्पे रिकामे करावेच लागत. कार्ड हातात आल्यावर त्याचे काय करायचे हा प्रश्न कोणालाही टाळता येत नसे. पुढे चुंबकीय फिती आल्या, तेव्हाही मुख्य फाइल आणि दिवसाच्या व्यवहारांची फाइल अशाच समोरासमोर चालवत आणि न जुळलेल्या व्यवहारांची वेगळी यादी छापत.

३

१९६० च्या दशकात माहिती फितींवरून चकत्यांवर आली. आता हवी ती नोंद थेट गाठता येऊ लागली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाखमन यांनी एका नोंदीतून दुसरीकडे जाणारे दुवे आधीच बांधून ठेवण्याची पद्धत घडवली. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली अपोलो मोहिमेतल्या अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी जन्मली. तिच्यात माहिती झाडासारखी, फांदीखाली फांदी अशी ठेवलेली असे. १९७३ मध्ये बाखमन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रॅमरला माहितीच्या समुद्रातला नावाडी म्हटले.

या पद्धतीत जोडणीची अट लिहावी लागत नव्हती, कारण जोड आधीच बांधलेली असे. कोणते दोन तपशील एकमेकांशी निगडित आहेत, हे प्रणाली उभारणाऱ्याने एकदा ठरवले की नंतर येणाऱ्याला त्याच वाटेने जावे लागे. त्याने न कल्पिलेला प्रश्न विचारायचा झाला तर नवा प्रोग्रॅम लिहावा लागे.

ही घडी मोडली ती एडगर फ्रँक कॉड यांनी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर १९२३ साली जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात शाही हवाईदलात वैमानिक होता. नंतर अमेरिकेत आयबीएममध्ये लागला. मॅकार्थीच्या काळातल्या वातावरणाला विटून १९५३ मध्ये कॅनडात गेला, काही वर्षांनी परतला, आणि चाळिशी ओलांडल्यावर १९६५ साली मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. जून १९७० मध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, तक्त्यांमध्ये आधीपासून दुवे बांधू नयेत, आणि जोड हवी तेव्हा रकान्यांतल्या मूल्यांवरूनच करावी, असे त्यांनी त्यात मांडले. गणितातल्या संच आणि संबंध या कल्पनांवर सगळी रचना उभी होती.

या निबंधातला जोडीवरचा भाग मी अनेकदा वाचला आहे. माझ्यासारख्या बिनगणिती माणसालाही तो कळतो. कॉड यांचे उदाहरण असे. एका तक्त्यात कोणता पुरवठादार कोणता सुटा भाग देतो ते आहे : पहिला पुरवठादार १ क्रमांकाचा भाग देतो, दुसरा १ आणि २ हे दोन्ही भाग देतो. दुसऱ्या तक्त्यात कोणता भाग कोणत्या प्रकल्पात लागतो ते आहे : भाग १ हा प्रकल्प १ व २ मध्ये, भाग २ हा फक्त प्रकल्प १ मध्ये. भागाचा क्रमांक सारखा असावा या अटीवर दोन्ही तक्ते जोडले तर पाच ओळी मिळतात. त्यांवरून असे वाटते की पहिला पुरवठादार दोन्ही प्रकल्पांना माल देतो. हे मूळ तक्त्यांत कुठेही लिहिलेले नाही. कॉड यांनी शेजारीच तीन ओळींचा दुसरा एक जोड दाखवला. तोही मूळ तक्त्यांशी तितकाच सुसंगत आहे, पण त्यात पहिला पुरवठादार फक्त दुसऱ्या प्रकल्पाला माल देतो.

भाग पुरवठादाराशी जोडलेला आहे आणि प्रकल्पाशीही जोडलेला आहे, म्हणून तो पुरवठादार त्या प्रकल्पाशी जोडलेला आहेच, असे धरून चालण्याला कॉड यांनी जोडणीचा सापळा म्हटले. जोड करण्याची मुभा देणाऱ्याच निबंधात तिचा धोकाही सांगितलेला आहे.

या सापळ्यात मीही अडकलो होतो, आणि ते मला गुरुजींच्या फोननंतरच दिसले. गावठाणात एकाच आडनावाची, एकाच नावाचे कुटुंबप्रमुख असलेली दोन घरे होती. माझ्या अटीने एका मुलाचा मृत्यू दोन्ही घरांना जोडला आणि मोजणीत तो दोनदा धरला. वस्तीतले मृत गळाले होते आणि गावठाणातले काही दुप्पट झाले होते.

४

कॉड यांची मांडणी त्यांच्याच कंपनीला पटकन पचली नाही. आयएमएस चांगली विकली जात होती. मे १९७४ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे कॉड आणि बाखमन या दोन पंथांचा जाहीर वाद झाला. त्याच परिषदेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या आयबीएमच्या दोन तरुण संशोधकांनी सीक्वेल नावाच्या भाषेवर निबंध सादर केला. गणिताची चिन्हे न जाणणाऱ्या माणसालाही साध्या इंग्रजी शब्दांत तक्त्यांना प्रश्न विचारता यावेत, हा त्यांचा हेतू होता. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत बॉइस मेंदूतील रक्तस्रावाने वारले. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. सीक्वेल हे नाव एका ब्रिटिश विमान कंपनीचा व्यापारचिन्हावर हक्क निघाल्याने सोडावे लागले आणि भाषेचे नाव एसक्यूएल झाले.

कॅलिफोर्नियातील सॅन होजेच्या प्रयोगशाळेत सिस्टीम आर या प्रकल्पात ही भाषा रूढ रूपात आली. तिच्यात जोड अशी होते : ‘फ्रॉम’ या शब्दापुढे तक्त्यांची नावे स्वल्पविराम देऊन लिहायची आणि ‘व्हेअर’ या शब्दापुढे अट लिहायची. कल्पनेत घडते ते असे. आधी पहिल्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीची दुसऱ्यातल्या प्रत्येक ओळीशी जोडी लावली जाते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या नावाने याला कार्टेशियन गुणाकार म्हणतात. ३ मृत्यू आणि ४ घरे असतील तर १२ जोड्या. मग अट चाळणी लावते : ज्या जोडीबाबत अट खरी ठरते तीच उरते. अट लिहायला विसरलात तर १२ च्या १२ जोड्या हाती येतात, म्हणजे प्रत्येक मृत प्रत्येक घरातला. ३०० मृत्यू आणि ५०० घरे असतील तर दीड लाख ओळी. नवशिक्या माणसाच्या हातून ही चूक एकदा तरी होतेच, माझ्याही झाली. पण ती चूक ओरडून स्वतःला दाखवते.

सगळ्या जोड्या खरोखर लावून पाहणे परवडणारे नव्हते. १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचा उपाय प्रसिद्ध केला. अनेक तक्ते जोडायचे असतील तर आधी कोणते जोडायचे? ३ तक्त्यांचे ६ क्रम होतात, ५ तक्त्यांचे १२०, आणि १० तक्त्यांचे ३६,२८,८००. सेलिंजर यांच्या पद्धतीत संगणक वेगवेगळ्या क्रमांचा खर्च अंदाजाने काढतो, स्वस्त वाट निवडतो, आणि ज्या तक्त्यांमध्ये जोडणीची अटच नाही त्यांचा गुणाकार शक्यतो शेवटी ढकलतो. एखादा क्रम कमी खर्चाचा ठरतो तो अटीमुळेच. आजच्या डेटाबेसमध्येही या विचाराचे वंशज काम करतात. माणसाने काय हवे ते सांगायचे, वाट यंत्राने शोधायची, हे कॉड यांचे म्हणणे या कामामुळे व्यवहारात उतरले. १९८१ मध्ये त्यांनाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

५

या सगळ्यात कोलेटरचे ते दोन कप्पे मात्र हरवले. व्हेअरमधली अट चाळणी आहे. जे खाली पडले ते दिसते, वर राहिलेले फेकले जाते. ज्या मृताला घर सापडले नाही त्याची कोणाशीच जोडी लागली नाही, म्हणून त्याची ओळ नाही. संगणकाच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही.

उणीव संशोधकांच्या ध्यानात लवकरच आली होती. १९७९ च्या एका निबंधात कॉड यांनी बाह्य जोडाची मांडणी केली. त्यात न जुळलेली ओळही उत्तरात राहते आणि तिच्या समोरची बाजू रिकामी दाखवली जाते. परंतु १९८६ साली अमेरिकेत एसक्यूएलचे पहिले प्रमाण ठरले तेव्हा त्यात बाह्य जोडाला जागा नव्हती. मधल्या काळात प्रत्येक कंपनीने आपापली खूण काढली. ओरॅकलने रकान्याच्या नावापुढे कंसात अधिकचे चिन्ह लिहायला सांगितले, सायबेसने बरोबरच्या चिन्हाला तारका चिकटवली. व्हेअरमध्ये पाच-सहा अटी एकत्र असल्या की कोणती अट जोड लावण्यासाठी आहे आणि कोणती जोड लागल्यानंतर गाळण्यासाठी आहे, हे अशा खुणांवरून नेहमीच स्पष्ट होत नसे.

१९९२ च्या प्रमाणाने ही गाठ सोडवली. ‘जॉइन’ हा शब्द भाषेत अधिकृतपणे आला आणि त्यापुढे ‘ऑन’ लिहून जोडणीची अट देण्याची सोय झाली. डावा, उजवा आणि पूर्ण असे बाह्य जोडाचे तीन प्रकार झाले. जोडीची अट ऑनमध्ये आणि निवडीची अट व्हेअरमध्ये अशी दोन घरे वेगळी झाली.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही, दुसऱ्यांदा तोंडावर आपटल्यावर कळला. गुरुजींच्या फोननंतर मी प्रश्न नव्याने लिहिला. मृत्यूंचा तक्ता डावीकडे ठेवून डावा बाह्य जोड घेतला, म्हणजे एकही मृत गळणार नाही. मग गावठाण सोडून बाहेरच्या वाड्याच पाहाव्यात म्हणून व्हेअरमध्ये अट घातली : वाडी गावठाण नसावी. वस्तीतली माणसे पुन्हा नाहीशी झाली.

कारण समजायला मला दोन दिवस लागले. ज्यांचे घर जुळले नव्हते त्यांच्या वाडीच्या जागी रिकामेपण होते. एसक्यूएलमध्ये याला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे आणि कोरा शब्दही नव्हे. त्या जागी मूल्य नाही एवढेच तो सांगतो. नल गावठाण आहे का? माहीत नाही. गावठाण नाही असे म्हणता येईल का? तेही माहीत नाही. नल आणि नल एकमेकांसारखे आहेत का, यालाही उत्तर तेच. या तर्कात खरे, खोटे आणि अज्ञात असे तीन निकाल आहेत, आणि व्हेअर फक्त खऱ्याला आत घेते. बाह्य जोडाने ठेवलेली माणसे माझ्या पुढच्याच ओळीने बाहेर काढली होती. तीच अट ऑनमध्ये लिहिली असती तर मृत्यूची एकही ओळ गळाली नसती, मात्र गावठाणातल्या मृतांसमोरही घराची जागा रिकामी राहिली असती. म्हणजे अट कोठे लिहायची हे आधी आपल्याला काय विचारायचे आहे त्यावरून ठरते.

कॉड आयुष्याच्या उत्तरार्धात या रिकामेपणाबद्दल अधिक काटेकोर झाले. १९९० च्या त्यांच्या पुस्तकात दोन प्रकारच्या खुणा सुचवल्या आहेत : मूल्य आहे पण आपल्याला ठाऊक नाही ही एक, आणि इथे मूल्य लागूच होत नाही ही दुसरी. प्रचलित प्रणालींनी हा भेद स्वीकारला नाही. कोतवाल बुकातला कोरा रकाना पाहताना मला त्याची आठवण होते. वस्तीतल्या माणसांना आडनाव नव्हते, की होते पण लिहिणाऱ्याला ते विचारण्याची गरज वाटली नाही? गुरुजींचे आडनाव मी विचारले, त्यांच्या आजोबांचेही तेच होते. माझ्या घरांच्या यादीतही ते आहे, कारण ती यादी ज्या कागदांवरून केली त्यांतले काही पुढच्या काळातले आहेत. म्हणजे निदान या घरापुरते तरी मूल्य होते, लिहिले गेले नव्हते.

६

माणसांच्या नोंदी जोडणाऱ्यांनी या अडचणीचा वेगळ्या वाटेने विचार केला आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतील आरोग्य-आकडेवारीचे जाणकार हॅल्बर्ट डन यांनी एक छोटा लेख लिहिला. प्रत्येक माणसाच्या आयुष्याचे एक पुस्तक असते, त्याची पहिली नोंद जन्माची आणि शेवटची मृत्यूची, आणि ही विखुरलेली पाने एकत्र बांधण्याच्या कामाला त्यांनी नोंदजोडणी असे नाव दिले. १९५९ मध्ये कॅनडात हॉवर्ड न्यूकोम आणि सहकाऱ्यांनी हे काम संगणकावर करून दाखवले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील विवाह आणि जन्म यांच्या नोंदी त्यांनी जोडल्या. नावांची स्पेलिंगे वेगवेगळी असत, म्हणून उच्चारावरून संकेत बनवणारी साउंडेक्स ही जुनी युक्ती त्यांनी वापरली. एखादे नाव किती दुर्मिळ आहे यालाही त्यांनी वजन दिले. दुर्मिळ नाव दोन्हीकडे जुळणे आणि गावभर असलेले नाव जुळणे यांचा पुरावा म्हणून तोल सारखा असत नाही.

१९६९ मध्ये कॅनडाच्याच सांख्यिकी खात्यातील इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी याला गणिती बैठक दिली. त्यांच्या सिद्धान्तात प्रत्येक जोडीबाबत तीन निर्णय शक्य आहेत : जुळते, जुळत नाही आणि कदाचित जुळते. तिसऱ्या गटातल्या जोड्या माणसाने बसून तपासायच्या. कॉड यांच्या प्रसिद्ध निबंधाच्या एकच वर्ष आधीचे हे काम आहे. एका वाटेवर अट काटेकोर बरोबरीची झाली, दुसऱ्या वाटेवर संशयालाही जागा ठेवली गेली. बँकेला पहिली वाट पुरते, कारण खाते क्रमांक तिने स्वतःच दिलेला असतो. जुन्या वह्यांतल्या माणसांना असा क्रमांक कोणी दिलेला नसतो.

७

शेवटी मी काय केले ते सांगतो. सगळ्या मृत्यूंच्या नोंदी डावीकडे ठेवून बाह्य जोड घेतला आणि व्हेअरमध्ये एकच अट ठेवली : घर रिकामे असावे. म्हणजे फक्त न जुळलेल्यांची यादी. ती छापली आणि पतसंस्थेतल्या सवयीने तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. ज्या नोंदी दोन घरांशी जुळत होत्या त्यांची वेगळी यादी केली. गुरुजी दोन रविवार माझ्याकडे येऊन बसले. कोणत्या नावाचे घर कोठे होते हे त्यांनी घरात ऐकलेल्या आठवणींतून सांगितले. जिथे त्यांना खात्री नव्हती तिथे आम्ही ‘कदाचित’ असे लिहिले.

या कामात एक गोष्ट मला जास्त लागली. वहीत जातीचा रकाना होता. तो पाहिला असता तर वस्तीतले मृत्यू पहिल्याच दिवशी दिसले असते. पण मी तो संगणकावर उतरवलाच नव्हता. रोग काही जात विचारून येत नाही, मग कशाला, असा माझा विचार होता. रोगाने जात विचारली नसेल. पण आडनावाचा रकाना भरायचा की कोरा सोडायचा, हे लिहिणाऱ्याने माणूस पाहून ठरवले होते, आणि मी त्याच रकान्यावर माझी अट उभी केली होती. त्या वेळचा भेदभाव मी शंभर वर्षांनी, काहीही मनात नसताना, पुढे चालवला होता.

यातून मी स्वतःपुरते काही नेम केले. लेखात आकडा देताना तो कोणत्या अटीने मिळाला ते एका वाक्यात लिहायचे. जोडण्याआधी दोन्हीकडच्या ओळी मोजायच्या आणि जोडल्यावर किती उरल्या व किती वाढल्या ते पुन्हा मोजायचे. न जुळलेल्यांची यादी काढून वाचल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही. आणि उत्तरात एखादे नाव नसेल तर तिथे काही घडले नाही असे म्हणण्याआधी आपण कसे विचारले ते तपासायचे. स्थानिक इतिहासाचे काम करणाऱ्या, आता हळूहळू संगणकाकडे वळलेल्या माझ्यासारख्या इतरांना हे उपयोगी पडावे म्हणून इथे मांडले आहे.

दुरुस्तीचे टिपण त्याच स्मरणिकेच्या पुढच्या अंकात छापून आले. वस्तीतल्या मृतांची नावे त्यात एकाखाली एक दिली. आडनावाच्या जागी, जिथे वारसांनी सांगितले तिथे आडनाव कंसात दिले, आणि जिथे कोणी सांगणारे उरले नाही तिथे जागा रिकामी ठेवली. गुरुजींनी अंकाच्या दहा प्रती मागवून घेतल्या. त्यांच्या घरी गेलो तेव्हा एक प्रत आजीच्या तसबिरीखालच्या फळीवर होती. त्या पानात त्यांनी खुणेला दोरा घातला होता.